घोडीच्या हिरड्या

घोडीने नवऱ्याच्या तीन बरगड्या मोडल्या त्याच सकाळी सासऱ्यांनी कपाटातून बंदूक काढली.

आठवडाभर घोडी बिथरलेली होती. भिंतीला कपाळ दाबून उभी राहायची, उगाच जांभया द्यायची, कोणी जवळ गेलं की अंगावर धावून यायची. सासरे म्हणत, माज आलाय. साखळीने तो उतरवायला ते रोज आत जात. तिच्या पाठीची सालटं निघाली होती आणि त्यांच्या मनगटाचा तिने लचका तोडला होता.

बाळाला जाऊबाईंच्या हातात देऊन मी तबेल्याच्या दारात आडवी उभी राहिले. मला घोड्यांतलं काही कळत नाही. पण बाळ झाल्यावर पंधरा दिवस मी त्याच्या नाकावर बोट दाबून कावीळ उतरली का बघत होते, दिवसातून वीस वेळा. तो पिवळा रंग मी कुठेही ओळखेन. घोडीने दात विचकले तेव्हा हिरड्या तशाच दिसल्या.

"बाबा, ही आजारी आहे. डॉक्टरांना येऊ द्या."

"आजारी जनावर पडून राहतं, सूनबाई. माणसं मोडत नाही. बाजूला हो."

"बाकीच्या चौघी घोड्याही हाच चारा खातात. उद्या त्या अशा झाल्या तर त्यांनाही असंच मारत सुटणार का?"

त्यांनी बंदूक भिंतीला टेकवली आणि डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

घोडी स्थिर राहावी म्हणून डॉक्टरांनी तिच्या ओठाला दोरीचा फास आवळायला लावला. तिने दाराची फळी फोडली, दोरी धरलेल्या मोतद्दाराचा खांदा निखळवला, तेवढ्यात त्यांनी मानेतून रक्त काढलं. नळीत रक्त खाली बसलं, वर गर्द पिवळं पाणी राहिलं. मग त्यांनी चारा उपसला. त्यात मूठमूठ विषारी तण वाळलेलं. लिव्हर संपलंय, ते म्हणाले, विष मेंदूत गेलंय; ही आता वाचायची नाही. चौघींचं रक्त मात्र आजच तपासू, त्या वाचतील.

सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "मी मारायचो, ते तिला कळत होतं?"

"मार लागत होता," डॉक्टर म्हणाले. "का, ते कळत नसणार."

डॉक्टर तिला कायमचं झोपवायची सुई भरू लागले. घोडी पुन्हा भिंतीवर डोकं आपटू लागली. सासरे आत गेले आणि भिंत नि तिचं कपाळ यांच्यामध्ये त्यांनी आपला पंजा घातला. बोटांची हाडं मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. सुई टोचून ती कोसळेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.