खुर्चीची करकर

माझं तोंड बंद ठेवणं आजवर या शाळेत कोणालाच जमलेलं नाही. म्हणून भूमितीच्या पेपराला मुख्याध्यापकांनी मला एका आजारी मुलीच्या वेगळ्या खोलीवर देखरेखीला नेमलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. "बाई, ब्र काढायचा नाही," ते म्हणाले. "तुम्ही नुसतं 'अगं' म्हणालात तरी मदत केली असं धरतील आणि पोरीचा पेपर रद्द होईल." मी म्हटलं, "चित्रकला शिकवते मी, प्रवचन नाही देत. बसेन गप्प." आणि फणकाऱ्यानं निघाले.

प्रयोगशाळेच्या मागची लहानशी खोली. एक टेबल, त्याच्या एका बाजूला दोन मुली, आणि समोर माझ्यासाठी लाकडी खुर्ची, तिचा एक पाय आखूड. मला बसल्या जागी पाय हलवायची खोड आहे. घरी नवरा त्यावरून करवादतो. मी बसले आणि खुर्ची करकरायला लागली.

परीक्षा देणारी होती कटरमास्तरांची मुलगी, दहावीची. तिचे वडील तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड बेततात. ऐन परीक्षेच्या तोंडावर तिचे डोळे आले ते साधे आले नाहीत. बुबुळांपर्यंत दुखणं गेलं, शस्त्रक्रिया करावी लागली आणि दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बसल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, सांगितल्याशिवाय पट्टी हलवलीत तर नजर जाईल. सगळ्यांनी मास्तरांना समजावलं, डोळे सांभाळा, वर्षाचं काय घेऊन बसलात. मीही त्यांतलीच. मास्तर म्हणाले, "तिला बसायचंय. मी कोण नाही म्हणणारा?"

उत्तरं लिहायला नववीतली एक मुलगी दिली होती. अखंड चिवचिव करते म्हणून तिला सगळी शाळा चिमणी म्हणते. तिनं प्रश्न वाचून दाखवायचा, सांगितलं तेवढंच लिहायचं, आणि 'झालं' म्हणायचं. चूक दिसली तरी चकार शब्द काढायचा नाही. म्हणजे खोलीत आम्ही दोघी बडबड्या, दोघींच्या तोंडाला कुलूप, आणि बोलणार ती एकटी.

आणि काय बोलली म्हणून सांगू! मी इतकी वर्षं मुलांना रेघा मारायला शिकवते. माझी मुलं डोळे उघडे ठेवून वाकड्या मारतात. ही पट्ट्यांआडून सांगत होती, "कागदाच्या खालच्या कडेपासून चार बोटं वर ये. तिथून उजवीकडे आडवी रेघ. थांब, पट्टीचा शून्य बघ, पट्टीची कड नको." वडील कारखान्यात टेबलावर वाकून कारागिरांना बेत सांगतात, तोच सूर. सावकाश, ठाम, एका वेळी एकच गोष्ट. चिमणीचा हात तिच्या आवाजामागून चालत होता आणि कागदावर आकृती उमटत होती. भूमिती मला कधी आवडली नव्हती, त्या दिवशी आवडली.

शेवटचा प्रश्न त्रिकोणाचा. त्याच्या तिन्ही टोकांमधून जाणारं वर्तुळ काढायचं. तिनं त्रिकोण सांगितला, कंपासचं टोक कुठे रोवायचं, कमानी कुठे मारायच्या, मधल्या रेघा कशा ओढायच्या, सगळं सांगितलं. "आता त्या दोन रेघा एकमेकींना जिथे छेदतात, तिथे टोक ठेव आणि वर्तुळ फिरव."

चिमणीनं टोक ठेवलं. ते रेघांच्या छेदावर नाही, शेजारी दोन कमानी छेदत होत्या त्यावर. खुणांची एवढी गर्दी झाली होती की कोणीही चुकलं असतं. वर्तुळ फिरलं. त्रिकोणाचं एक टोक वर्तुळाबाहेरच राहिलं. चिमणीलाही दिसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओठ गच्च मिटले आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "झालं."

माझा जीव टांगणीला लागला. एवढा डोंगर चढून पोर माथ्याशी येऊन घसरणार, आणि मी ढिम्म बसून बघणार.

मास्तरांची मुलगी मान कलती करून बसली. मग तिचा हात हळूहळू वर गेला, कपाळापर्यंत, पट्टीच्या कडेपर्यंत. तिचं बोट कडेखाली शिरताना मला दिसलं. पेपर गेला खड्ड्यात, असं मनात म्हणून मी ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात तिचा हात खाली आला. तिनं कागद चाचपला आणि उलटा केला. मागच्या बाजूवर बोटांची टोकं फिरवू लागली.

कारखान्यात कापडाची थप्पी लावतात, तिच्यातून टोच्या आरपार घालून खुणा करतात आणि तळाच्या थरावर बोट फिरवून बेत तपासतात. मास्तरांनी तिला ते लहानपणी शिकवलेलं, हे मला नंतर कळलं. कंपासनं जिथे जिथे टोचलं होतं, तिथे कागद मागून किंचित वर आला होता. तिला तिन्ही टोकं सापडली. चौथा टोचा, वर्तुळाच्या केंद्राचा, सापडला. पेन्सिलीवर नख धरून तिनं त्याच्यापासून प्रत्येक टोकाचं अंतर मापलं.

"केंद्र सरकलंय," ती म्हणाली. "वर्तुळ खोड. रेघांचा छेद शोध, कमानींचा नको."

चिमणीनं खोडलं. पुन्हा टोक ठेवलं. वर्तुळ तिन्ही टोकांना शिवून परत जागेवर आलं. मी पदरानं डोळे पुसले, तेही आवाज न करता.

निकाल लागला तेव्हा पट्ट्या सुटल्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा लावून ती वडिलांबरोबर पेढ्यांऐवजी नुसतं हसू घेऊन आली. पास झाली होती, चांगली झाली होती. मी व्हरांड्यात त्याच खुर्चीवर पाय हलवत बसले होते.

"त्या दिवशी तुम्हीच होतात ना, बाई?"

"कशावरून? मी तर अवाक्षर काढलं नव्हतं," मी तोऱ्यात म्हटलं.

"ही खुर्ची," ती म्हणाली. "पूर्ण पेपरभर करकरत होती. शेवटचं वर्तुळ फिरलं आणि एकदम थांबली. मला वाटलं, बाई गप्प झाल्या, म्हणजे काहीतरी नक्की चुकलंय."

ही मदत नियमात बसते की नाही, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.