आरोहीशी मराठी बंद

दर्शना ठाण्याला, वर्तकनगरच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेत साफसफाई करायची. गेटपाशी पोरांना सोडायला आलेल्या आया इंग्रजीत बोलायच्या, पोरंही फाडफाड उत्तरं द्यायची. ते बघून तिने मनाशी पक्कं केलं, आपल्या लेकीशी, आरोहीशी मराठी बोलायचंच नाही.

पण तिला स्वतःला येत होतं ते ‘कम’, ‘ईट’, ‘स्लीप’ एवढंच. डोंबिवलीच्या त्या एका खोलीत मायलेकी गप्पच असायच्या. बोलायचा तो मोबाइल, त्यावरची इंग्रजी गाणी. नवरा प्रीतम केमिकल कंपनीत. तो म्हणायचा, "एवढ्याशा पोरीशी काय बोलायचं? शाळेत गेली की आपोआप बोलेल."

आरोही चार वर्षांची होत आली. एबीसीडी घडाघडा म्हणायची, पण भूक लागली तर सांगता यायचं नाही, नुसती रडायची. प्रवेशाला नेली तेव्हा बाईंनी चारदा नाव विचारलं. ती पंख्याकडे बघत राहिली. प्रवेश हुकला.

नौपाड्यातल्या डॉक्टर वैशालीताईंनी कान तपासले. कान ठणठणीत होते.

"घरी काय काय बोलता तिच्याशी?"

"काहीच नाही," दर्शना म्हणाली. "माझं इंग्लिश चुकतं ना. तिचं बिघडेल."

"अहो, तुमच्या भाषेत बोला! भाजी निवडताना, वेणी घालताना, सारखं बोला. मोबाइल बंद. आणि दर आठवड्याला बोलायच्या थेरपीला आणा."

घरी आल्यावर थेरपीची फी ऐकून प्रीतम उठून बाहेर गेला.

संध्याकाळी दर्शनाने मोबाइल कपाटात टाकला. आरोहीने किंचाळून घर डोक्यावर घेतलं. दर्शना तिला मांडीवर ओढून बोलत सुटली, "ही बघ बाळा, मेथी. माझी आई परसात लावायची..."

आरोहीने तिच्या तोंडावर हात दाबला. "नो मराठी!"

शेजारपाजारचं कुणी पोरीशी बोलायला आलं की दर्शनाच असं म्हणायची. तिला रडू फुटलं. तरी तो हात बाजूला करून ती घसा बसेपर्यंत बोलत राहिली. आरोही भिंतीकडे तोंड करून बसली.

"मी काम सोडू का?" रात्री दर्शनाने प्रीतमला विचारलं.

"मग खायचं काय?"

सकाळी आरोहीला शेजारच्या शालनमावशींकडे सोडताना तिने हात जोडले. "मावशी, मोबाइल तेवढा देऊ नका. बोला तिच्याशी."

"बोलेन गं. जा तू."

ती एक मजला उतरते न उतरते तोच वर गाणं सुरू झालं, इंग्रजी. दर्शना कठडा धरून थांबली. वर जावं, पोरीला उचलून आणावं. पण उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. ती तशीच खाली उतरली आणि स्टेशनकडे चालू लागली.