मांड पक्की होईपर्यंत

मित्रांनो, तुमच्या मराठीत माझ्या नावावरून एक शब्द रूढ आहे, खोगीरभरती. नको ते कोंबून जागा भरली की तुम्ही त्याला खोगीरभरती म्हणता. हे कळल्यावर मला थोडे वाईट वाटले. मी दूर उत्तरेकडच्या डोंगरांतल्या नारीन नदीच्या खोऱ्यातले एक जुने खोगीर आहे, आणि माझ्यात नको ते असे काहीही भरलेले नाही.

मला घडवले ते तोक्तोमुश नावाच्या कारागिराने. त्याने बर्चचे लाकूड दोन हिवाळे सावलीत वाळवले. मग त्याचे तुकडे तासून एकमेकांत बसवले आणि वरून कच्चे चामडे ओले असतानाच ताणून शिवले. चामडे वाळत गेले तसतसे माझे सांधे असे आवळले गेले की एकही खिळा लागला नाही. पुढच्या उंचवट्यावर त्याने चांदीची सहा फुले बसवली. त्याच्या लेकीचे, उरुमकानचे लग्न ठरले होते आणि मी तिच्याबरोबर सासरी जाणार होते.

उरुमकानने माझ्यावर बसून तीस वर्षे सामूहिक शेतीच्या घोड्या राखल्या. स्वाराच्या घोड्यावरच्या बैठकीला तुमच्याकडे मांड म्हणतात ना, तिची मांड काय सांगू. तिचे वजन मला कधी एका बाजूला जाणवले नाही. घोड्याने उजवीकडे वळावे असे वाटले की ती नुसती उजवीकडे पाहायची, आणि घोडा वळायचा. जत्रेत बायका माझ्या चांदीच्या फुलांवरून हात फिरवायच्या. उरुमकान म्हणायची, “फुलं काय बघताय? घोड्याची पाठ बघा. कुठे केस गेलेत का?” पाठीवर एकही घट्टा नसायचा. माझी खरी स्तुती ती होती.

घोड्यावरून कधी न पडलेली ही बाई अडुसष्टाव्या वर्षी विहिरीपाशी बर्फावर घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले, पण पाय वर टाकून माझ्यावर बसणे तिला पुन्हा जमले नाही. मी गोठ्यातल्या खुंटीवर गेले. पुढे सामूहिक शेती मोडली, कळप वाटले गेले, आणि उरुमकानच्या वाट्याला कुला नावाचा एक पिवळसर घोडा आला. शेजारी त्याला गवताच्या गाडीला जुंपायला न्यायचे. माझे मात्र कुणाला काम पडले नाही. कोंबड्या माझ्यावर बसून झोपू लागल्या, खालच्या लोकरीच्या नमद्यात उंदरांनी संसार थाटला, चामडे कोरडे ठणठणीत झाले. अशी सहा वर्षे गेली.

मग एप्रिलमधल्या एका सकाळी झिपार आली.

झिपार गावच्या दवाखान्यातली नर्स. छत्तीस वर्षांची, शहरात वाढलेली. त्या काळात पेट्रोल मिळेनासे झाले होते आणि दवाखान्याची जीप अंगणात विटांवर चढवून ठेवली होती. आदल्या उन्हाळ्यात वरच्या कुरणावर शेरगाझी नावाच्या मेंढपाळाच्या मुलाला घटसर्प झाला. निरोप मिळताच झिपार औषध घेऊन पायीच निघाली. दीड दिवस चालून ती पोचली, तर मूल त्याच सकाळी गेले होते.

 साऱ्या गावाला ते ठाऊकच होते.

“आपा, मला घोड्यावर बसायला शिकवा,” ती म्हणाली. म्हाताऱ्या बाईला आमच्याकडे आपा म्हणतात.

“कधीपर्यंत?”

“जूनमध्ये माणसं वर कुरणावर जातील, त्याच्या आधी. रोज येईन मी. दहा-बारा दिवस पुरतील ना?”

“दहा दिवसांत तू नीट पडायला शिकशील,” उरुमकान म्हणाली. “उद्या पहाटे ये.”

दुसऱ्या दिवशी झिपार आली ती नवे बूट घालून. उरुमकानने तिच्या हाती खरारा दिला आणि कुलाचे अंग साफ करायला लावले. मग खूर उचलून त्यातले खडे काढायला लावले, मग लीद भरायला. तिसऱ्या दिवशी मला खुंटीवरून काढून तिच्यापुढे टाकले. झिपारने उंदरांचे घर बाहेर काढले, नवा नमदा शिवला आणि मेंढीच्या चरबीने माझे चामडे चोळले. मित्रांनो, सहा वर्षांनी माझ्या अंगात ओलावा जिरला. तो आनंद मला सांगता येणार नाही.

झिपारला मात्र त्यात आनंद नव्हता. आठव्या दिवशी तिने खरारा खाली ठेवला.

“आपा, मी नर्स आहे, मोतद्दार नाही. आठ दिवस झाले, मी अजून घोड्यावर चढले नाही.”

“माणूस न तपासता सुई टोचतेस का?” उरुमकानने विचारले.

“नाही.”

“मग याची कुठली नस दुखते, कुठे हात लावला की तो कान मागे टाकतो, ते सांग.”

 झिपारने खरारा पुन्हा उचलला.

नवव्या दिवशी ती माझ्यावर बसली. तिची भीती मला तिच्या मांड्यांतून कळत होती. ती माझा पुढचा उंचवटा दोन्ही हातांनी आवळून धरायची आणि लगाम इतका ओढायची की कुला मान झटकायचा. उरुमकानने लगाम स्वतःकडे घेतला आणि झिपारच्या हातात पाण्याने भरलेला वाडगा दिला. कुला अंगणात गोल फिरू लागला. पाणी सांडले की पुन्हा भरायचे आणि पुन्हा फिरायचे. महिनाभर रोज पहाटे हेच चालले. कधी गार वारा असायचा, कधी दवाखान्यात रात्रपाळी करून तिचे डोळे मिटत असायचे, पण तिने एकही दिवस चुकवला नाही. हळूहळू तिची कंबर घोड्याच्या चालीबरोबर हलू लागली. मला ते तिच्या आधी कळले.

मे महिन्यात ती गावातून एकटी फिरू लागली. दुकानाच्या पायरीवर रिकामटेकडे बाप्ये बसलेले असायचे. त्यांतला एक म्हणाला, “डॉक्टरीणबाई, तुम्ही घोड्याला नेताय की घोडा तुम्हाला?” दुसरा म्हणाला, “उन्हाळा संपायच्या आत पोचाल ना कुरणावर?”

झिपारला ते झोंबले. दुसऱ्या दिवशी तिने घाईघाईत खोगीर चढवले. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कुला पोट फुगवून धरायचा, ही त्याची जुनी खोड. थोडे थांबून, त्याने श्वास सोडला की तंग पुन्हा आवळायचा असतो, हे तिला शिकवले होते. ती थांबली नाही. दुकानापाशी येताच तिने चाबूक ओढला आणि कुला भरधाव सुटला. वळणावर मी सरकले. झिपार ओढ्याच्या गोट्यांवर आदळली आणि मी कुलाच्या पोटाखाली लोंबकळत, दगडांवर आपटत दूरपर्यंत फरपटले. माझ्या पुढच्या कमानीला उभी भेग गेली.

उरुमकान काठी टेकत आली ती थेट कुलाकडे गेली. त्याचे चारही पाय तिने चाचपले.

“आपा, माझा हात बघा,” झिपार चिखलात बसून म्हणाली. “मनगट सुजलंय. मला कुणी विचारणार आहे का?”

“तू बोलतेयस. त्याला बोलता येत नाही.”

“खोगीरच जुनं आहे. सरकलं ते.”

उरुमकानने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. “तंग कुणी आवळला होता?” एवढेच विचारून ती कुलाला घेऊन निघून गेली.

तीन दिवस झिपार आली नाही. गोठ्यात माझ्यावर पुन्हा कोंबडी बसली. मला वाटले, झाले, आता ही खुंटी काही सुटत नाही.

चौथ्या पहाटे दार उघडले. झिपारच्या डाव्या हाताला पट्टी होती. ती आधी कुलापाशी गेली आणि बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून नुसती उभी राहिली. मग तिने मला उजेडात नेले, भेगेवरून बोट फिरवले आणि उरुमकानला हाक मारली.

“आपा, हे मोडलेलं हाड आहे. हे मला जोडता येतं.”

तिने भेगेत सरस भरला, दोन्ही बाजू नीट जुळवल्या, भिजवलेल्या कच्च्या चामड्याची पट्टी घट्ट गुंडाळली आणि वर दोन काठ्यांचा आधार बांधला. एका हाताने जमेना तेव्हा दातांनी गाठ ओढली. उरुमकान शेजारी बसून पाहत होती. “आठ दिवस याच्यावर बसायचं नाही,” झिपार तिला बजावून म्हणाली, जणू मी तिचा पेशंटच. म्हातारी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

“आणि आपा,” झिपार खाली पाहत म्हणाली, “तंग मी आवळला होता. घाईत.”

“ठाऊक आहे मला. तुला ठाऊक आहे का, ते बघत होते.”

त्या दिवसापासून झिपारची विचारण्याची रीत बदलली. पूर्वी ती म्हणायची, हा ऐकत नाही. आता ती विचारायची, माझं काय चुकलं? ती पुढेही दोनदा पडली. दोन्ही वेळा उठून आधी कुलाकडे गेली. दुकानावरून जाताना बाप्ये बोलायचे ते बोलतच होते. ती त्यांना रामराम करावा तशी मान हलवायची आणि सावकाश पुढे जायची.

माणसे कुरणावर गेली. जून संपत आला. लस जुलैत येणार होती, दवाखान्यात घटसर्पावरच्या औषधाच्या दोन बाटल्या तेवढ्या होत्या. एका सकाळी शेरगाझी खाली आला. त्याचा घोडा फेसाने पांढरा झाला होता आणि उभ्या उभ्या थरथरत होता.

“पोरीचा घसा सुजलाय,” तो म्हणाला. “तसाच. गेल्या वर्षीसारखाच.” 

झिपारने बाटल्या लोकरीत गुंडाळून छातीशी बांधल्या. उरुमकान तंग तपासायला पुढे आली, पण झिपारने तो आधीच तपासला होता, आणि थोडे थांबून पुन्हा एकदा.

“नदी दुपारच्या आत ओलांड,” उरुमकान म्हणाली. “ऊन चढलं की बर्फाचं पाणी येतं. आणि घाबरलीस तर घाबर, पण हात घट्ट करू नकोस.”

आम्ही निघालो. शेरगाझीचा घोडा थकला होता, त्यामुळे त्याला मागेच राहावे लागले. चढ लागला तशी झिपार पुढे झुकली, माझा भार कुलाच्या खांद्यांकडे गेला. चढ संपल्यावर ती उतरली. चढावर घोड्याचे पोट आत जाते आणि तंग सैल पडतो. तिने तो एक भोक आवळला आणि पुन्हा बसली.

नदीपाशी पोचलो तेव्हा पाणी वाढू लागले होते. गढूळ, वेगाचे, खाली धोंडे गडगडत असल्याचा आवाज येत होता. नेहमीच्या उताराच्या जागी कुला थांबला. तिने टाच मारली, तो मागे सरला. झिपारचा चाबकाचा हात वर गेलेला मला जाणवला. तिच्या मांड्या दगडासारख्या झाल्या. पलीकडे डोंगरावर एका तंबूत पोर गुदमरत होती, आणि घोडा पाय उचलत नव्हता.

हात खाली आला. तिने खोल श्वास घेतला आणि लगाम सैल सोडला. “बरं,” ती कुलाला म्हणाली, “तू दाखव.”

कुलाने पाणी हुंगले. मग तो काठाकाठाने चाळीसेक पावले वर गेला. तिथे नदी पसरट होती आणि तिचे तीन ओघ झाले होते. तो आत शिरला. पाणी रिकिबीपर्यंत आले, मग माझ्या खालच्या कडेपर्यंत. एकदा त्याचा मागचा पाय निसटला आणि आम्ही सारे डावीकडे कललो. झिपारने काही धरले नाही, ओढले नाही. ती मधोमध बसून राहिली, आणि कुलाने स्वतःला सावरले.

दुपार कलायच्या आत आम्ही पोचलो. शेरगाझीची बायको सेइल तंबूच्या दारात उभी होती. झिपारने उतरताच तिथल्या म्हाताऱ्याच्या हातात लगाम दिला. “बाबा, याला फिरवत राहा. घाम वाळेपर्यंत पाणी देऊ नका.” आणि ती आत गेली.

मी बाहेर होते. आतले मला काही दिसत नव्हते, फक्त पोरीचा श्वास ऐकू येत होता, करवतीने लाकूड कापल्यासारखा. दुसऱ्या दिवशी तो थोडा सुटा झाला. तिसऱ्या सकाळी पोरीने घोगऱ्या आवाजात साय मागितली आणि सेइल बाहेर येऊन कुलाच्या मानेत तोंड खुपसून रडली.

झिपार खोगीर चढवत होती. सेइल तिला म्हणाली, “गेल्या वर्षी तू चालत आलीस ना, तेव्हा तुझ्या बुटांतून रक्त येत होतं. मी पाहिलं होतं. बोलले नाही.”

“मीही बोलले नाही,” झिपार म्हणाली.  मग सेइलने कुमीसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, पिशवी आणून माझ्या मागच्या वादीला बांधली.

आम्ही गावात परतलो तेव्हा दुकानाच्या पायरीवरची माणसे उठून उभी राहिली.  उरुमकान दारात वाट पाहत होती. वरून आधी उतरलेल्या एका मेंढपाळाकडून तिला सगळे कळले होते. तिने मला उतरवले, खालचा नमदा उलटा केला आणि घामाचा डाग पाहिला. मग कुलाच्या पाठीवरून तळहात दाबत फिरवला. डाग दोन्ही बाजूंना सारखा होता, म्हणजे वजन कुठेच कलले नव्हते. पाठीवर एकही केस उपटलेला नव्हता.

“सारखा आहे,” ती स्वतःशीच म्हणाली. मग झिपारकडे वळली. “उद्या पहाटे ये. आता शिकवायला सुरुवात करते.”

झिपार दुसऱ्या दिवशी गेली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे जात राहिली. दर उन्हाळ्यात लशीची पेटी घेऊन ती माझ्यावरून सारी कुरणे फिरते. माझी भेग आजही दिसते, पण ती पुढे गेलेली नाही.

मित्रांनो, घोड्यावर बसायला धाडस लागते असे लोक म्हणतात. मी अनेक धाडसी माणसे माझ्यावरून पडताना पाहिली आहेत. तुम्हाला शिकायचे असेल तर जरा लवकर उठा, लीद भरायला लाजू नका आणि पडलात तर आधी तंग कुणी आवळला होता ते आठवा. आमचीही काळजी घ्या. ओले खोगीर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा, चरबी चोळा. आणि रोज खोगीर उतरवल्यावर घोड्याच्या पाठीवर हात ठेवून पाहा. त्याने अंग काढून घेतले नाही, तर समजा की तुमचे शिकणे सुरू झाले आहे.