पायरी क्रमांक सात

यातलं निम्मं मी मुद्दाम केलं, हे आधीच सांगून टाकते. चुकून झालं, मला कुठं ठाऊक होतं, असलं काही म्हणायची मला सवय नाही. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. उत्तर चुकलं तर चुकलं म्हणायचं, आणि कुणाची खोडी काढली तर काढली म्हणायचं.

खोडी काढली ती नवऱ्याची. नंदकिशोर दांडेकर, सरकारी कारखान्याच्या क्वालिटी विभागातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. लग्न होऊन सांगलीहून बंगळुरात आले तेव्हापासून बघतेय, या माणसाचं आयुष्य सह्यांवर चालतं. त्यांच्या कारखान्यात कुठलाही कागद घ्या, खाली तीन चौकटी असायच्या. तयार केले, तपासले, मंजूर. पहिल्या चौकटीतलं नाव कुणी वाचायचं नाही आणि तिसरीतल्याला हार घालायचे. आमचे हे कायम तिसरीत, हिरव्या शाईनं.

बरं, कारखान्यात काय करायचं ते करा. पण घरी? आमच्या जे. पी. नगरच्या मराठी मंडळाची स्मरणिका बावीस वर्षं मी काढली. लेखांसाठी लोकांच्या मागे लागायचं मी, शुद्धलेखन तपासायचं मी, छापखान्यात खेटे घालायचे मी. आतल्या पानावर काय? 'संपादक: नंदकिशोर दांडेकर'. विचारलं की म्हणायचे, "अगं, आपण काय वेगळे आहोत का?" वेगळे नाही ना, मग एकदा माझं नाव घाला की! तेवढं मात्र कधी सुचलं नाही.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं झाली. वेबसाइट करायची असं सभेत ठरलं आणि हे हात वर करून मोकळे झाले, "मी करतो." घरी येऊन चपला काढता काढता मला विचारतात, "नयना, तुला ते येतं ना गं?"

येत होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दोन महिने पलंगावर होते. आमची शमिका बेळ्ळंदूरला असल्याच कामात आहे. तिनं फोनवरून धडे दिले, बाकीचं मी व्हिडिओ बघून शिकले. पण या वेळी मी मनाशी पक्कं केलं. वेबसाइट माझी, तर नावही माझंच लागलं पाहिजे. भांडून नाही, रडून नाही. त्यांच्या तोंडून, चार माणसांत.

शमिका म्हणाली, "आई, लगेच इंटरनेटवर टाकू नको. आधी तुझ्या लॅपटॉपवरच लोकल सर्व्हर चालव. तिथं सगळं नीट दिसलं, कमिटीनं ओके केलं, की मग लाइव्ह करू." म्हणजे असं, की वेबसाइट आपल्याच लॅपटॉपमध्ये ठेवायची, तिथूनच चालवायची आणि तिथंच बघायची. बाहेरच्या कुणाला दिसत नाही. त्यासाठी एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात एक ओळ टाइप करून एंटर मारायचं. सर्व्हर सुरू होतो. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा पत्ता घातला की पान हजर.

पहिल्या दिवशी पान आलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मंडळाचा पहिला गणपती, नाटकाचे फोटो, कोण कधी अध्यक्ष, सगळं कसं झक्कास दिसत होतं. चहा टाकून परत येते तर पान गायब! 'या साइटपर्यंत पोहोचता येत नाही.'

पुन्हा सुरू केलं. आलं. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले, परत आले, पुन्हा गायब. माझं डोकंच फिरलं. शमिकाला फोन लावला. ती रिंग रोडवर अडकलेली, म्हणजे तासभर फुरसत होतीच. "आई, पोर्ट बदलून बघ." बदलला. "कॅशे साफ कर." केला. "सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल कर." तेही केलं बाई. दोन दिवस हाच खेळ. मी बसलेली असले की सर्व्हर शहाण्यासारखा चालायचा, पाठ वळली की मेलाच. मी म्हटलं, हा सर्व्हर आहे की सातवी ब!

तिसऱ्या दिवशी मी उठले आणि दाराआड उभी राहिले. हे पेपर घेऊन आले. पंखा बंद केला. दिवा बंद केला. मग टेबलाशी वाकले, माउस धरला आणि काळी खिडकी बंद केली.

"अहोऽ!" मी अशी ओरडले की त्यांच्या हातातला पेपर पडला.

"काय झालं? उघडी होती, कुणी वापरत नव्हतं, बंद केली. वापर नसेल ते बंद ठेवावं."

"त्या खिडकीतच सर्व्हर चालतो! ती बंद केली की सगळं बंद!"

"मग तसं लिहून ठेवायला हवं होतं," म्हणाले. चूक कुणाची? माझी. कागद नव्हता ना!

कप्पाळ! पण वेबसाइट झाली. शनिवारी यांनी मागं हात बांधून सगळी पानं बघितली, कारखान्यात मशीन बघायचे तशी. "छान. आता खाली एक ओळ घाल. संकल्पना आणि निर्मिती, नंदकिशोर दांडेकर." मी बघतच राहिले. त्यांना वाटलं मला कमी पडलं, म्हणून वर उदार होऊन म्हणाले, "आणि त्याखाली घाल, सहाय्य, सौ."

सौ.! नावसुद्धा नाही. नुसतं सौ. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! पण सांगितलं तसं टाइप केलं.

"आणि उद्या मंडळाच्या पन्नाशीच्या कार्यक्रमात हॉलमध्ये ही चालवायची कशी, त्याची प्रोसिजर लिहून दे," हे म्हणाले. "पायऱ्या घालून, सुटसुटीत. मी करीन. तू पुढं बस आरामात."

लिहिली. नऊ पायऱ्या लिहिल्या. लॅपटॉप उघडावा, प्रोजेक्टरची वायर जोडावी, काळी खिडकी उघडावी, असं करत सहावी पायरी, सर्व्हर सुरू करावा. आठवी, ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करावा. नववी, काळी खिडकी कार्यक्रम संपेपर्यंत बंद करू नये. मधली सातवी मी दोनदा वाचली, हसले आणि प्रिंट काढली. खाली तीन चौकटीही आखल्या. पहिलीत माझी सही केली.

यांनी कागद घेतला, हिरवं पेन काढलं, तिसऱ्या चौकटीत झोकात सही ठोकली आणि घडी करून खिशात ठेवला. वाचला नाही. मला ठाऊकच होतं. चाळीस वर्षांत या माणसानं पहिल्या चौकटीच्या वरचं काही वाचलेलं नाही.

माझा बेत एवढाच होता, की हॉलमध्ये हे स्वतःशी वाचत वाचत सातव्या पायरीवर येतील, कानशिलं लाल होतील, माझ्याकडं बघतील. तेवढ्यावर मी समाधान मानलं असतं. पुढचं झालं ते भीमाचार्य अण्णांमुळं.

भीमाचार्य अण्णा आमचे अध्यक्ष. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षं इकडंच, मराठी बोलतात पण मधूनमधून कन्नड डोकावतं. ते त्याच कारखान्यात इन्स्पेक्शनला होते आणि त्यांच्या हाताखालून एक खिळासुद्धा न मोजता गेला नाही म्हणतात. रविवारी अकराला हॉल भरला, चाळीस-पंचेचाळीस माणसं होती. यांनी लॅपटॉप मांडला, खिशातून कागद काढला. अण्णांचे डोळे चमकले.

"प्रोसिजर आहे? भले! मग आपला नियम तोच, स्वामी. मी वाचतो, तुम्ही करा, मी खूण करतो." आणि कागद यांच्या हातातून घेतलासुद्धा.

खरंच सांगते, एक क्षण वाटलं उठून कागद हिसकावून घ्यावा. पण उठले नाही. गुडघा दुखतो माझा.

"पायरी एक. लॅपटॉप उघडावा."

"उघडला."

"सरी, ठीक." खूण. असं करत करत सहावी आली. यांनी माझ्या पाठीमागून बघून ठेवलेली ओळ बरोब्बर टाइप केली, एंटर मारलं, सर्व्हर सुरू झाला. लोकांनी माना डोलावल्या. अण्णांनी चष्मा सारखा केला.

"पायरी सात. सर्वांसमोर मोठ्याने सांगावे: 'ही वेबसाइट नयना दांडेकर यांनी तयार केली आहे.' त्यानंतरच पायरी आठ करावी."

यांचा हात माउसवर तसाच. मग हळूच हसून म्हणाले, "ते... टायपिंगची चूक दिसते. पुढची घ्या, अण्णा."

"खाली सही कुणाची?"

"माझीच, पण..."

"मग चूक कशी? मंजूर आहे की."

"ही पायरी ऐच्छिक आहे हो!"

"तसं कुठं लिहिलंय दाखवा."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. हे गोरेमोरे झाले आणि अण्णांचं न ऐकता थेट ब्राउझरकडं वळले. आणि माणूस गडबडला की त्याची सवय पुढं धावते. आधी त्यांनी टेबल आवरल्यासारखी काळी खिडकी बंद केली, मग पत्ता टाइप केला.

पडद्यावर हातभर अक्षरांत आलं, 'या साइटपर्यंत पोहोचता येत नाही.'

"बघा," अण्णा शांतपणे म्हणाले. "पायरी गाळली. उघडेल कशी?"

सगळा हॉल हसला. खिडकी बंद केल्याचं यांच्या लक्षातही नव्हतं; का उघडलं नाही, हे त्या हॉलमध्ये मला एकटीला माहीत होतं. यांनी माझ्याकडं पाहिलं. एका शब्दात सांगता आलं असतं. मी वर पंख्याकडं बघत बसले, जणू काही जन्मात पंखा पाहिला नव्हता.

यांनी पुन्हा पत्ता टाइप केला. तेच. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीतरी दिसलं. या माणसानं आयुष्यभर कामगारांना बजावलंय, एक पायरी गाळाल तर मशीन चालणार नाही. त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

माइक उचलला. "मंडळी, या कामात सौभाग्यवतींचंही सहाय्य..."

"असं लिहिलेलं नाही," अण्णा. "लिहिलंय तसं."

यांनी घसा साफ केला. "ही वेबसाइट," म्हणाले आणि थांबले. पुन्हा, मोठ्यानं, "ही वेबसाइट नयना दांडेकर यांनी तयार केली आहे."

आणि मग कागदावर नसलेलं बोलले. "सगळी. एकटीनं. मी फक्त सही केली. तीसुद्धा न वाचता."

मी मनात तयारी केली होती, की असं झालं तर मान ताठ करून, जरासं हसून सगळीकडं बघायचं. कसलं काय! पर्समध्ये रुमाल सापडेना, पदरानंच डोळे पुसले. इतका आनंद झाला आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकदमच.

"सरी," अण्णांनी खूण केली. "पायरी गाळली होती, म्हणजे आता काळ्या खिडकीपासून पुन्हा."

काळी खिडकी उघडली, ओळ टाइप झाली, पत्ता घातला आणि पान धाडकन उघडलं. टाळ्या! "बघितलंत, नाव घेतल्यावर उघडलं!" असं एक बाई शेजारणीला सांगत होत्या. मी आजतागायत कुणाची समजूत घालायला गेलेली नाही.

अण्णा खाली खाली सरकवत तळाशी आले. निर्मितीची ओळ वाचली, सहाय्याची वाचली आणि चष्म्यावरून यांच्याकडं पाहिलं. "इथं दोष आहे."

"आहे," हे म्हणाले. "नयना, जरा वर येतेस?" आणि उठून खुर्ची मला दिली. मी पंचेचाळीस माणसांसमोर त्या दोन्ही ओळी खोडल्या, माझं नाव लिहिलं, सेव्ह केलं. पडद्यावरचं पान आपोआप बदललं. हे शेजारी उभे होते, खिडकीला हातही न लावता.

कार्यक्रमात पुढं अण्णांचं भाषण होतं, मंडळाची पन्नास वर्षं. मोठे खुशीत होते. त्यांनी कोटाच्या खिशातून चार पानं काढली, सुरकुत्या नीट केल्या आणि "बंधुभगिनींनो" म्हणायला तोंड उघडलं.

"अहो, स्वल्प थांबा," पहिल्या रांगेतून आवाज आला. पद्मावती अक्का, अण्णांच्या पत्नी. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला येतात, बसतात, प्रसाद घेऊन जातात. त्यांचा आवाज मी तरी प्रथमच ऐकत होते. "वाचण्याआधी सांगा की, ते लिहिलंय कुणी."

अण्णांनी कागदाकडं पाहिलं, अक्कांकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं पाहिलं. यांनी टेबलावरचा माइक उचलला आणि अण्णांच्या तोंडासमोर धरला.

"मोठ्यानं सांगा, अण्णा," हे म्हणाले.