मी सांगितलेले चाळीस

मित्रांनो, मी एक जुनी काचेची मापनळी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत मला ब्युरेट म्हणत. अंगावर शून्यापासून पन्नासपर्यंत रेघा आणि खाली काचेची तोटी, एवढाच माझा देह. आज मी चंद्रपुरात लियाकतभाईंच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते. लोक मला पाहून कौतुक करतात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

माझे बालपण चामोर्शीच्या एका शाळेत गेले. तेथे मुखरू नावाचे वृद्ध शिपाई होते. दर शनिवारी ते माझी तोटी काढून पुसत, तिला व्हॅसलीनचे बोट लावत आणि मला पाण्याने भरून घटकाभर माझ्या तोंडाकडे टक लावून बसत. थेंब पडला नाही की म्हणत, "आता खरं बोलशीन तू!" ते निवृत्त झाले आणि माझ्या अंगावर धूळ साचली. पुढे भंगाराच्या ढिगातून लियाकतभाईंनी मला उचलले.

लियाकतभाई इंजिनांचे जाणकार. इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, उलटे ठेवून त्याच्या खोलग्यात ते माझ्यातून रॉकेल सोडत. किती सीसी मावले, हे माझ्या रेघांवरून वाचत आणि त्यावरून इंजिनाचा कम्प्रेशन रेशो काढत. पिस्टन वर येताना आतली हवा किती पट दाबली जाते, त्याचे हे प्रमाण. खोलगा मोठा तर दाब कमी, लहान तर दाब जास्त. माझ्या शब्दावर इंजिने जोडली जात आणि रस्त्याला लागत. मला त्याचा फार अभिमान होता.

गेल्या मे महिन्यात ऊर्जानगरचा प्रफुल आपली गाडी घेऊन आला. तिच्या इंजिनाला त्याला टर्बो, म्हणजे जादा हवा कोंबणारा पंखा, बसवायचा होता. रेशो किती ठेवावा, यावरून दोघांची चांगलीच जुंपली.

"साडेनऊ ठेवा ना, लियाकतभाई! साडेआठवर गाडी खालून उठतच नाई. चिखलातली म्हैस परवडली."

"अबे, टर्बो पहिलेच हवा कोंबून राह्यला. तिले अजून दाबशीन त पेट्रोल स्पार्कच्या आधीच पेटते. पिस्टन जळते मग."

"पुण्यातले पोट्टे साडेनऊ ठेवतात."

"मंग पुण्यातच चालव! इथी सत्तेचाळीस डिग्रीत चालवाची हाय तुले. रस्त्याची गाडी हाय, रेसची नाई. साडेआठ म्हणजे साडेआठ."

प्रफुलने हात जोडून हार मानली. खोलगा घासून चाळीस सीसी झाला की साडेआठ जमत होते. मात्र रेशनचे रॉकेल बंद झाल्यामुळे त्या दिवशी लियाकतभाईंनी माझ्यात पेट्रोल भरले. पेट्रोलने माझ्या तोटीचे उरलेसुरले व्हॅसलीन धुऊन नेले. मुखरूंनंतर ते कोणी लावलेही नव्हते. तोटीच्या मागच्या बाजूने थेंब झिरपू लागला. रॉकेल असते तर पाटावर डाग दिसला असता. पेट्रोल त्या उन्हाच्या झळेत पडण्याआधीच उडून जात होते.

मला तो थेंब अंगावरून ओघळताना कळत होता. खोलग्यात छत्तीसच गेले होते, चार वाऱ्यावर गेले होते. मी चाळीस सांगितले. लियाकतभाईंनी घासणे थांबवले. चारही खोलग्यांत तसेच झाले. रेशो सव्वानऊच्या पुढे गेला आणि कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

चार दिवसांनी प्रफुल पेढे घेऊन आला. "मानलं भाई! साडेआठवर काय उठते गाडी!" लियाकतभाईंनी माझ्यावर बोट आपटून म्हटले, "मापाचं काम हाय, बेटा." ती शाबासकी मी निमूट घेतली. गाडी तशी उठत होती, हाच माझ्या खोटेपणाचा पुरावा होता.

प्रफुलची धाकटी बहीण ज्योत्स्ना वनरक्षकाच्या भरतीत धावून, लेखी परीक्षा देऊन निवडीपर्यंत पोचली होती. कागदपत्रे दाखवण्यासाठी गडचिरोलीला दुपारी दोनची वेळ होती. वयाची अट संपत आल्याने ही तिची अखेरची भरती होती. "एसटीनं काऊन जातं? मी सोडतो," असे म्हणून प्रफुल तिला अकरा वाजता घेऊन निघाला. मूल गावाच्या पुढे इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. तो ठोक्याचा, म्हणजे पेट्रोल आधीच पेटल्याचा आवाज; पण साडेआठवर ठोका बसणे शक्य नाही, अशी त्याची खात्री होती. त्याने वेग कमी केला नाही. सावली गावाच्या अलीकडे धूर निघाला आणि गाडी थांबली. मिळेल त्या वाहनाने ज्योत्स्ना पोचली, तेव्हा साडेतीन वाजले होते. यादी बंद झाली होती.

तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये वितळलेला पिस्टन पाटावर पडला होता. "तुम्ही मापात घोळ केला!" प्रफुल ओरडला. "तूच चोरून टर्बोचा दाब वाढवला असशीन!" लियाकतभाई उलटून म्हणाले. वीस वर्षांची मैत्री त्या पाटावर तुटत होती. दोघेही निर्दोष होते आणि गुन्हेगार त्यांच्या डोक्यावर टांगलेली होती. मला वाचा असती तर!

ज्योत्स्ना दारात उभी होती. तिने विज्ञान शाखेत पदवी घेतली होती. तिची नजर माझ्यावर गेली. तिने मला उतरवले, पाण्याने भरले, उभे टांगले आणि माझ्या तोंडाकडे पाहत बसली. मुखरू बसत तशीच.

टप्.

"भाऊ, काका, भांडू नका," ती म्हणाली. "हे गळते."

लियाकतभाईंनी मला फोडण्यासाठी हातोडी उचलली.

"राहू द्या, काका. नळीले काय समजते? पाह्याचं आपल्याले होतं."

तिच्या या बोलण्याने माझे ओझे हलके झाले नाही. मला समजत होते.

मित्रांनो, प्रफुलच्या गाडीचे खोलगे पुन्हा घासले गेले. ती आज साडेआठवर, थोडी आळसट, पण नीट चालते. ज्योत्स्नाची भरती परत आली नाही. ती आता चामोर्शीला मुलांच्या शिकवण्या घेते. माझी एवढीच विनंती आहे. ज्याच्या शब्दावर तुम्ही विसंबता, त्याला विसंबण्याआधी एकदा तपासा आणि त्याची निगा राखा. कौतुकाने माझी तोटी घट्ट झाली नाही. व्हॅसलीनच्या एका बोटाने झाली असती.

आता प्रत्येक कामाआधी लियाकतभाई माझ्या तोटीला व्हॅसलीन लावतात, मला पाण्याने भरतात आणि दहा मिनिटे माझ्यासमोर बसतात. थेंब पडत नाही. "खरं हाय," ते म्हणतात. त्या दहा मिनिटांत मला सावलीच्या अलीकडे रणरणत्या उन्हात, कागदांची फाईल छातीशी धरून उभी असलेली मुलगी दिसते. मी तिला तिथे पाहिलेले नाही, तरी दिसते.