तिसरा हायड्रोजन कुठे दडला?

मी एक जुनं चंचूपात्र आहे, मित्रांनो. प्रयोगशाळेच्या फळीवरचं, काठाचा टवका उडालेलं आणि स्वभावाने पक्कं संशयी. भट्टीतल्या काचेतून घडलं, तेव्हा मीही भोळंच होतं. स्वच्छ दिसेल ते पाणी समजायचं. पण इतकी वर्षं पोटात आम्लं घेतली, आता नळाच्या पाण्याचाही भरवसा वाटत नाही. पूर्वी "किती लख्ख!" म्हणून बाई मलाच उचलायच्या. नवी भांडी आली नि मी मागे ढकललं गेलं.

परवा एकाच वर्गातल्या दोन मावसबहिणींनी मला बाहेर काढलं. बाई शेजारच्या खोलीत होत्या. धाकटीने आम्लाचं एक माप ओतलं आणि तितक्याच तीव्रतेच्या सोडियम हायड्रॉक्साइडचं एक. मी चांगलंच तापलं, तशी ती म्हणाली,

"झालं! आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी. क्षार म्हणजे मीठच की! चाखून दाखवते."

आदल्या दिवशीच्या प्रयोगात मीठ झालं होतं खरं, पण तेव्हाचं आम्ल हायड्रोक्लोरिक होतं. या बाटलीवर सल्फ्युरिक लिहिलं होतं! ओरडणार कसं? माझ्या नावात चोच आहे, पण वाचा नाही.

बोट आत शिरणार, तोच थोरलीने मनगट धरलं. "थांब गं भवाने! बाटली बघ. क्लोरीनच नाही, तर मीठ कुठून होईल? सोडियम सल्फेट होईल. समीकरण मांड आधी."

धाकटीने फणकाऱ्याने फळ्यावर लिहिलं: H₂SO₄ + NaOH → Na₂SO₄ + H₂O

थोरली बोटांवर मोजू लागली. "डावीकडे हायड्रोजन तीन, उजवीकडे दोन. तिसरा कुठे दडला? आणि सोडियम एकाचे दोन झाले, दुसरा काय आभाळातून पडला?"

"म्हणजे NaOH दोन हवेत," धाकटीने खडू पुन्हा उचलला, "आणि पाणीही दोन."

"आणि तू ओतलंस एकच माप. निम्मं आम्ल अजून तसंच आहे गं!"

थोरलीने निळा लिटमस बुडवला. लालभडक! धाकटीने सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली पुन्हा उचलली. दुसरं माप ओतल्यावर मात्र निळा निळाच राहिला आणि लाल लालच; ना आम्ल उरलं, ना आम्लारी.

"आता चाखू?" तिने हळूच विचारलं.

"अजिबात नाही! हे भांडं शेवटचं कोणी धुतलं, ठाऊक आहे तुला?"

मित्रांनो, मला धुवून ठेवा, बाटलीवरचं नाव वाचा, आणि दोन्ही बाजू जुळेपर्यंत कोणावर विश्वास टाकू नका. जुळल्या तरी चाखू नका. "मला उगीच घाबरवलंस," असं म्हणत धाकटी अजून थोरलीशी कचाकचा भांडते. भांडू दे बापडी. भांडायला जीभ शाबूत आहे.