सावली चालत नाही

"बाबा, हनुवटी जरा वर. दोन्ही कान दिसू द्या."

"कान दिसतायत रे. मीच दिसत नाहीये," खुर्चीतून म्हातारा म्हणाला.

यंत्राने तिसऱ्यांदा फोटो नाकारला. पडद्यावर तेच लाल वाक्य: चेहऱ्यावर सावली आहे. फोटो नाही तर दवाखान्याचं कार्ड नाही, आणि कार्ड नाही तर सोमवारचं डोळ्याचं ऑपरेशन नाही. बाहेर रांग कुरकुरत होती.

ओळखपत्रांच्या या खोलीत म्हाताऱ्याचा मुलगा एकोणीस वर्षं फोटो काढत होता. खुर्ची जमिनीला ठोकलेली, कॅमेरा भिंतीला, दिवे दोन्हीकडे सारखे. इतक्या जवळून लेन्स प्रत्येकाचं नाक फुगवायची, आणि मागे सरायला जागा नव्हती. मागे सरायला त्याला बाबांनीच शिकवलं होतं. बाबा चित्रकार. जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या नकला करताना दर दोन फटकाऱ्यांनी चार पावलं मागे जायचे आणि सांगायचे, "उजेड एकाच खिडकीतून येऊ दे. बाकीचा अंधार पुसू नकोस, माणूस त्यातच बसलेला असतो." पोराने ते मनावर घेतलं, आणि मग त्याला ही कायमची नोकरी लागली.

त्याने बाबांच्या मांडीवर पांढरा पुठ्ठा ठेवला. त्यावरून उसळून उजेड खोल गेलेल्या डोळ्यांत शिरला आणि यंत्राने फोटो मुकाट्याने घेतला.

बाबांनी पडद्याला नाक लावून पाहिलं. "हा कोण पिठाचा गोळा?"

"कार्डावरचे तुम्ही."

"मग ऑपरेशनही त्याचंच करा."

मुलगा हसला. "बसा जरा," म्हणत त्याने दोन्ही दिवे विझवले, दार अर्धं उघडलं. बोळातल्या खिडकीचा उजेड बाबांच्या एका गालावर आला. दुसरा गाल अंधारात राहिला. भुवईवरची जुनी खोक, थकवा, मिश्कीलपणा, सगळं जागच्या जागी आलं. असा चेहरा एकोणीस वर्षांत त्याच्यासमोर आला नव्हता. आला असेलही, दिवे चालू होते.

त्याने बटण दाबलं. लाल वाक्य. पुन्हा दाबलं. नाकारलेला फोटो यंत्र ठेवत नसे, आणि मोबाइल दारावरच्या रखवालदाराकडे जमा होता.

"जमला का रे?" बाबांनी न हलता विचारलं.

"जमला."

"सावली ठेवलीस ना?"

"ठेवली."

"आत्ता नको दाखवू. सोमवारनंतर दाखव. मला नीट बघायचाय."

भिंत चाचपत म्हातारा खुशीत बाहेर गेला. मुलाने दोन्ही दिवे लावले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.